विमानवाहू नौकांच्या धाडी: नकाशासंचाच्या प्रकल्पाच्या नोंदी

५ जानेवारी

कामाला सुरुवात. १९१४ ते १९७१ या काळात विमानवाहू नौकांवरून झालेल्या निवडक धाडींचा नकाशासंच करायचा आहे. एका धाडीला एक पान. पानावर चार गोष्टी हव्यात: लक्ष्य, विमानं सोडली ती जागा, मधलं अंतर, आणि विमानं परत कुठे उतरली ती जागा.

शेवटची गोष्ट मुद्दाम घातली आहे. या विषयावरच्या बहुतेक नकाशांत जहाजाकडून बंदराकडे जाणारा एक जाडजूड लाल बाण असतो आणि तो बंदरावरच संपतो. शेजारी बुडालेल्या जहाजांची यादी असते. पण उडालेल्या वैमानिकाला परत यायचं असतं. ज्या डेकवरून तो उडाला, तो डेक तीन-साडेतीन तासांत साठ-सत्तर मैल दुसरीकडे गेलेला असतो. नौका कुठे भेटेल हे उड्डाणाआधीच ठरवावं लागतं. अमेरिकी नौदलात त्या ठरलेल्या जागेला 'पॉइंट ऑप्शन' म्हणत. धाडीची खरी कसोटी या परतीच्या रेघेवर लागते असं मला वाटतं. नौका किती जवळ आणायची, किती वेळ धोक्यात ठेवायची, उशीर झालेल्यांसाठी थांबायचं की नाही, हे सगळे निर्णय तिथे येतात. अख्खा संच याच धाग्यावर बांधायचा.

अंतरं सागरी मैलांत. जाण्याची रेघ सलग, परतीची तुटक.

९ जानेवारी

निवडीवरून बरीच चर्चा झाली. सहकाऱ्याचं म्हणणं, मिडवे आणि कोरल समुद्र वगळले तर वाचक विचारणार. तरी वगळले. तिथे नौका नौकांवर चालून गेल्या, त्या लढाया झाल्या. धाडीत लक्ष्य जागचं हलत नाही: बंदर, विमानतळ, तेलशुद्धीकरण कारखाना, नांगरलेलं आरमार. जायचं, मारायचं आणि शत्रू सावरायच्या आत निघायचं. मुक्काम करायचा नसतो. हा फरक पक्का धरला की निवड सोपी होते.

१४ जानेवारी

पहिलं पान: जर्मनीच्या किनाऱ्यावरचं कुक्सहाफेन, २५ डिसेंबर १९१४.

त्याआधी, सप्टेंबर १९१४ मध्ये, जपानच्या 'वाकामिया' या जहाजावरच्या सी-प्लेननी चीनच्या किनाऱ्यावर त्सिंगताओ इथल्या जर्मनांवर बॉम्ब टाकले होते. त्याला पानाच्या कोपऱ्यात चौकट दिली आहे. सविस्तर पान मात्र कुक्सहाफेनचंच, कारण परतीचा प्रश्न तिथे लख्ख दिसतो.

'एंगाडिन', 'रिव्हिएरा' आणि 'एम्प्रेस' ही तीन ब्रिटिश जहाजं मुळात इंग्लिश खाडीत प्रवासी नेणारी. डेकवरून उड्डाण नव्हतंच. क्रेनने सी-प्लेन पाण्यावर उतरवायची आणि तिथून ती उडायची. नऊ उतरवली, सात उडाली. लक्ष्य होतं नॉर्डहोल्त्सचे झेपेलिनचे, म्हणजे जर्मनांच्या अवाढव्य हवाई जहाजांचे, गोठे. किनाऱ्यावर धुकं होतं, गोठे सापडले नाहीत आणि नुकसान नगण्य झालं.

परतीच्या रेघा मात्र सात दिशांना फाटतात. जहाजं नॉर्डरनाय बेटाजवळ वाट पाहत होती. काही विमानं तिथे पोचली. तीन विमानांची माणसं ई-११ या ब्रिटिश पाणबुडीने उचलली. एका वैमानिकाला डच मासेमारी नौकेने घेतलं. सातही विमानांतली माणसं जिवंत राहिली. धाड म्हणून फसलेली असली तरी हे पान मला संचाचा पाया वाटतं. पाणबुडीने वैमानिक उचलायची गोष्ट लक्षात ठेवायची, ती तीस वर्षांनी पुन्हा येणार आहे.

१५ जानेवारी

'झेपेलिनचे गोठे' हा शब्द ठेवायचा की 'हँगर' म्हणायचं? हँगर. वाचकाला अडखळायला नको.

२१ जानेवारी

टोंडर्न, डेन्मार्कच्या सीमेजवळचा जर्मन झेपेलिनचा तळ, १९ जुलै १९१८. डेकवरून उडालेल्या विमानांची ही पहिली धाड.

'फ्यूरियस' या ब्रिटिश जहाजाचा आराखडा समजून घेतल्याशिवाय हे पान कळत नाही. पुढच्या बाजूला उड्डाणाचा डेक, मागे उतरण्याचा, आणि दोन्हींच्या मधोमध चिमणी आणि जहाज जिथून चालवतात तो मनोरा (ब्रिज) तसाच उभा. चिमणीचा गरम धूर आणि मनोऱ्यावरून घुसळत येणारी हवा यांमुळे मागच्या डेकवर उतरणं जवळजवळ अशक्य होतं. वर्षभर आधी, २ ऑगस्ट १९१७ रोजी, याच जहाजाच्या पुढच्या डेकवर एडविन डनिंगने चालत्या जहाजावर पहिल्यांदा विमान उतरवून दाखवलं होतं. जहाज वाऱ्याला सामोरं धरलं, विमान बाजूने आणून डेकवर सरकवलं, आणि खलाशांनी पंखांना लावलेले पट्टे हातांनी पकडून ते खाली ओढलं. पाच दिवसांनी पुन्हा तसा प्रयत्न करताना विमान कडेवरून समुद्रात पडलं आणि डनिंग गेला.

म्हणजे टोंडर्नला निघालेल्या सात सॉपविथ कॅमल विमानांना आपल्याच जहाजावर उतरता येणार नाही हे आधीपासून ठाऊक होतं. साधारण ८० मैलांवरून ती उडाली. एकाचं इंजिन बिघडलं, ते वाटेतून वळलं. बाकीच्यांनी हँगरवर बॉम्ब टाकले, आणि एल-५४ व एल-६० ही दोन झेपेलिन जळून गेली. मग तिघे डेन्मार्कमध्ये उतरले. दोघे ताफ्यापर्यंत आले आणि समुद्रात उतरले, विनाशिकांनी त्यांना उचललं. एक जण, येउलेट, बुडाला.

धाड पूर्ण यशस्वी, आणि सातांपैकी एकही विमान जहाजावर परतलेलं नाही. तुटक रेघांपैकी एकही 'फ्यूरियस'ला टेकत नाही हे नकाशावर पाहिलं की सलग लांब डेक, बाजूला सरकवलेला मनोरा आणि विमान अडवणाऱ्या तारा यांच्यामागे नौदलं पुढची वीस वर्षं का लागली ते वेगळं सांगावं लागत नाही.

३० जानेवारी

टारांटो, इटलीच्या आरमाराचं बंदर. ११-१२ नोव्हेंबर १९४० ची रात्र. या पानाला मोठी जागा दिली आहे, दुमडून उघडणारं पान.

एकच नौका, ब्रिटिश 'इलस्ट्रियस'. २१ स्वोर्डफिश: धातूच्या सांगाड्यावर कापड ताणलेली दुपंखी विमानं, पाणतीर (टॉर्पेडो) लटकवला की वेग जेमतेम शंभर नॉटच्या आसपास. केफालोनिया बेटाच्या पश्चिमेहून, टारांटोपासून १७० मैलांवरून ती दोन तुकड्यांत सोडली: आधी १२, मग ९.

हा हल्ला मुळात २१ ऑक्टोबरला व्हायचा होता. 'इलस्ट्रियस'च्या हँगरमध्ये आग लागल्याने तो पुढे ढकलला. 'ईगल' ही दुसरी नौका येणार होती, तिच्या विमानइंधनाच्या नळ्यांमध्ये बिघाड झाला, म्हणून तिची पाच विमानं 'इलस्ट्रियस'वर घेतली. माल्टाहून उडणाऱ्या मेरिलंड विमानांनी काढलेल्या फोटोंत तारांनी बांधलेले फुगे आणि पाणतीर अडवणाऱ्या जाळ्या दिसल्या. वादळाने बरेच फुगे उडवून नेले होते, आणि जाळ्या जेवढ्या लागत होत्या त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतक्याच बसवलेल्या होत्या. हल्ल्याच्या वाटा या फटींमधून आखल्या.

उथळ बंदरात वरून टाकलेला पाणतीर तळाच्या चिखलात रुतण्याची भीती असते. त्यावर उपाय म्हणून विमानाखाली रिळावर गुंडाळलेली तार पाणतिराच्या नाकाला बांधली. पाणतीर सुटला की तार उलगडत जाताना नाक वर ओढून धरायची, आणि तो नाकाने न सूर मारता सपाट पडायचा.

परतीच्या बाजूने पाहिलं तर सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे जादा टाकी. इतकं अंतर जाऊन-येऊन करायला नेहमीचं इंधन पुरत नव्हतं. पाणतीरवाल्या विमानांत निरीक्षकाच्या जागेवर टाकी बसवली, निरीक्षक मागच्या तोफचीच्या जागी गेला आणि तोफची जहाजावरच राहिला. मागून कुणी आलं तर बंदूक चालवायला माणूस नाही, हे पत्करून परतीचं इंधन घेतलं.

दुसऱ्या तुकडीची दोन विमानं डेकवरच एकमेकांना भिडली. एकाचं पंखाचं कापड फाटलं, आतल्या फासळ्या मोडल्या. क्लिफर्ड आणि गोइंग या जोडीने ते खाली नेऊन दुरुस्त करून घेतलं आणि बाकीचे गेल्यावर सुमारे अर्ध्या तासाने एकटेच निघाले. अंधारात, आधीच जागं झालेल्या बंदरावर, एकट्याने. ते परतही आले. दुसऱ्या विमानाची जादा टाकी हवेत निसटली, त्याला अर्ध्या वाटेतून वळावं लागलं. मी या दोघांच्या रेघा वेगळ्या काढल्या आहेत.

निकाल, इटलीच्या युद्धनौकांचा: 'लित्तोरिओ'ला तीन पाणतीर, 'दुइलिओ'ला एक, 'काव्हूर'ला एक. 'काव्हूर' युद्धात पुन्हा उतरलीच नाही. गेली ती दोन विमानं: एकातले विल्यमसन आणि स्कार्लेट कैद झाले, दुसऱ्यातले बेली आणि स्लॉटर मारले गेले. दुसऱ्या दिवशी इटलीने धडधाकट मोठी जहाजं उत्तरेला हलवली. हा परिणाम मला बुडालेल्या टनांपेक्षा मोठा वाटतो. भूमध्य समुद्राच्या मध्यावर बसलेलं आरमार एका रात्रीत तिथून उठलं.

३ फेब्रुवारी

पर्ल हार्बरच्या पानासाठी वेळांचा घोळ सोडवला. हवाईची वेळ त्या काळी ग्रिनिचच्या साडेदहा तास मागे होती, आणि जपानी ताफ्याची घड्याळं टोकियोच्या वेळेवर. पहिला बॉम्ब पडला तेव्हा हवाईत ७ डिसेंबर, सकाळचे ७:५५ झाले होते, आणि टोकियोत ८ डिसेंबर, पहाटेचे ३:२५. जपानी लिखाणात ही घटना ८ तारखेची असते ती यामुळे. पानावर दोन्ही वेळा शेजारी-शेजारी देणार.

६ फेब्रुवारी

पर्ल हार्बर, १९४१.

टारांटोची नक्कल म्हणून याकडे पाहिलं जातं. जपानी नौदलाचे अधिकारी ताकेशी नाइतो बर्लिनहून टारांटोला जाऊन पाहणी करून आले हे खरंच आहे. तरीही मला हा थेट धागा पटत नाही. खुद्द अमेरिकी नौदलाच्या हॅरी यार्नेल यांनी ७ फेब्रुवारी १९३२ च्या रविवारी सकाळी, सरावात, 'सॅराटोगा' आणि 'लेक्सिंग्टन'वरून पर्ल हार्बरवर लुटुपुटीचा हल्ला करून दाखवला होता. कल्पना आधीपासून हवेत होती. जपान्यांनी नवं केलं ते वेगळंच. एप्रिल १९४१ मध्ये त्यांनी विमानवाहू नौकांचं एकच स्वतंत्र आरमार उभं केलं. टारांटोला एक नौका होती, इथे सहा: 'अकागी', 'कागा', 'सोर्यू', 'हिर्यू', 'शोकाकू', 'झुइकाकू'. २१ विमानांच्या जागी दोन लाटांत साडेतीनशेच्या आसपास. नकाशावर ही झेप शब्दांशिवाय दिसते.

ताफा २६ नोव्हेंबरला कुरिल बेटांतल्या हितोकाप्पू उपसागरातून निघाला, उत्तर पॅसिफिकच्या हिवाळी वादळांतून. तो मार्ग व्यापारी जहाजं टाळत, म्हणूनच निवडलेला. भर समुद्रात इंधन भरून घेता आलं नसतं तर काही जहाजं हवाईपर्यंत पोचून परतू शकली नसती. पर्ल हार्बर ज्या बेटावर आहे त्या ओआहूच्या उत्तरेला साधारण २३० मैलांवरून विमानं सोडली. पाणतिरांना लाकडी पंख जोडले होते, जेणेकरून बारा-एक मीटर खोल पाण्यात ते तळाला लागू नयेत. चिलखती डेक फोडायला युद्धनौकांच्या तोफगोळ्यांपासून बॉम्ब घडवले होते. तसाच एक 'ॲरिझोना' या युद्धनौकेच्या पुढच्या भागात घुसला. त्या एका जहाजावर १,१७७ माणसं मेली. एकूण अमेरिकी मृतांचा आकडा २,४०३.

तिसऱ्या लाटेचा वाद: जपानी ताफ्याचे प्रमुख नागुमो यांनी आणखी एक हल्ला केला असता तर तेलाच्या टाक्या गेल्या असत्या, असं म्हणतात. टाक्यांमध्ये ४५ लाख पिंप तेल होतं, शिवाय पाणबुड्यांचा तळ आणि दुरुस्तीच्या गोद्या शाबूत होत्या. पण परतीची रेघ काढायला बसलं की नागुमोंचा निर्णय कळायला लागतो. परतलेली विमानं पुन्हा भरून पाठवली असती तर ती अंधारात उतरली असती. २९ विमानं गेली होती, कितीतरी अधिक मार खाऊन आली होती. बंदर आता जागं होतं. अमेरिकी विमानवाहू नौका कुठे आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या जागेवर थांबणं मला शहाणपणाचं वाटत नाही. चूक शोधायचीच तर ती योजनेत आहे: तेल आणि गोद्या पहिल्या यादीतच मागे पडल्या होत्या.

ओआहूवरच्या ओपाना इथल्या रडारवर ७:०२ वाजता, १३२ मैलांवर, विमानांचा मोठा ठिपका दिसला होता. तो अमेरिकी बी-१७ विमानांचा समजला गेला. रडार स्टेशनभोवती वर्तुळ काढलं आहे. ते वर्तुळ आणि सलग रेघ जिथे एकमेकांना छेदतात ती जागा पानावर नजरेत भरते.

१२ फेब्रुवारी

हिंदी महासागर, एप्रिल १९४२. आपल्या वाचकाला सर्वांत जवळचं आणि सर्वांत कमी माहीत असलेलं पान. इथे घाई करायची नाही.

पर्ल हार्बरचंच जपानी आरमार, 'कागा' वगळून पाच नौका. ४ एप्रिलच्या संध्याकाळी लिओनार्ड बर्चल या कॅनेडियन अधिकाऱ्याच्या कॅटालिना या टेहळणी विमानाला सिलोनच्या (आजच्या श्रीलंकेच्या) आग्नेयेला हा ताफा दिसला. त्याने बिनतारी संदेश पाठवायला घेतला आणि झीरो या जपानी लढाऊ विमानांनी त्याला पाडलं. वाचलेले कैदेत गेले, पण संदेशाचं काम झालं होतं. ५ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोवर हल्ला झाला तेव्हा बंदरातली बरीच जहाजं बाहेर पडलेली होती. त्याच दिवशी 'डॉर्सेटशायर' आणि 'कॉर्नवॉल' या क्रूझर भर समुद्रात गाठून बुडवल्या. ९ तारखेला त्रिंकोमाली. आणि बट्टिकलोआजवळ 'हर्मीस' ही ब्रिटिश विमानवाहू नौका, जिच्यावर त्या दिवशी एकही विमान नव्हतं. ती आणि 'व्हँपायर' ही विनाशिका, दोन्ही बुडाल्या. डेक आहे, हँगर आहे आणि उडवायला काही नाही: विमानवाहू नौकेची याहून असहाय अवस्था नाही.

याच सुमारास जपानी ॲडमिरल ओझावांचा दुसरा, छोटा ताफा बंगालच्या उपसागरात व्यापारी जहाजांची कत्तल करत होता. त्यात 'र्यूजो' ही हलकी विमानवाहू नौका होती. ६ एप्रिल १९४२ रोजी तिच्या विमानांनी विशाखापट्टणम आणि काकिनाडा इथे बॉम्ब टाकले. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर विमानवाहू नौकेवरून धाड पडली, ही गोष्ट शाळेच्या इतिहासात मला कधी दिसली नाही. ती या पानावर ठळक हवी, म्हणून आडवं पान घेऊन कोलंबोपासून काकिनाड्यापर्यंतचा सगळा किनारा एका नजरेत आणला आहे.

ब्रिटिश ॲडमिरल सॉमरव्हिल मालदीवच्या अड्डू प्रवाळबेटावरच्या गुप्त तळावरून नागुमोंना शोधत होते. दोन्ही ताफे एकमेकांच्या जवळून गेले, भेट झाली नाही.

एका खुणेचं ठरलं: डिसेंबर ते एप्रिल, हवाई ते सिलोन, या सहा नौकांच्या ताफ्याचा सगळा प्रवास मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला एकाच रेघेत. वाटेत १९ फेब्रुवारीचं ऑस्ट्रेलियातलं डार्विनही येतं, त्याला वेगळं पान देणार नाही.

१८ फेब्रुवारी

लाए-सालामाउआ, १० मार्च १९४२. ही धाड फारशी सांगितली जात नाही. माझ्या दृष्टीने संचातलं हे सर्वांत चलाख पान.

जपान्यांनी न्यू गिनीच्या उत्तर किनाऱ्यावर, या दोन ठिकाणी, सैन्य उतरवलं होतं. 'लेक्सिंग्टन' आणि 'यॉर्कटाउन' या अमेरिकी नौका त्यांच्यासमोर उत्तरेला गेल्याच नाहीत. त्या बेटाच्या दक्षिणेला, पापुआच्या आखातात शिरल्या आणि मधली ओवेन स्टॅनली पर्वतरांग ओलांडून १०४ विमानं पाठवली. डोंगर आडोशाला. शत्रूने त्या दिशेला पाहिलंही नसतं. खिंड साडेसात हजार फुटांच्या आसपास. पाणतीर घेतलेली डिव्हास्टेटर विमानं तिथवर चढेनात. तुकडीप्रमुख जिमी ब्रेट यांनी उन्हाने तापलेला उतार हेरला, वर चढणाऱ्या हवेत विमानं घातली आणि खिंड ओलांडली. विल्यम ऑल्ट हे हवाई कमांडर तेवढा वेळ एकटे खिंडीवर घिरट्या घालत राहिले, ढग भरून येतायत का ते सांगायला. खिंड बंद झाली असती तर सगळी विमानं पलीकडेच अडकली असती. परतीच्या वाटेवर पहारेकरी बसवलेली धाड मला दुसरी माहीत नाही. गमावलं एक विमान.

या पानाला उभा छेद काढायचाच: समुद्र, डोंगर, समुद्र.

२३ फेब्रुवारी

टोकियो, १८ एप्रिल १९४२. अमेरिकी वैमानिक डूलिटल यांची धाड. इथे माझा नियमच मोडतो, कारण तुटक रेघ जहाजाकडे येतच नाही.

१६ बी-२५ विमानं, ८० माणसं. ही जमिनीवरून उडणारी बॉम्बफेकी विमानं 'हॉर्नेट' या नौकेवरून उडू शकत होती, उतरू शकत नव्हती. बॉम्ब टाकून चीनमध्ये उतरायचं ठरलेलं. पण पहाऱ्यावरच्या एका जपानी बोटीने ताफा पाहिला, आणि ठरल्यापेक्षा दहा तास आधी, सुमारे ६५० मैलांवरून उड्डाण करावं लागलं. डेकवर दोन पांढऱ्या रेषा रंगवल्या होत्या, एक पुढच्या चाकासाठी, एक डाव्या. चाकं त्यांवर ठेवली की उजवा पंख मनोऱ्याला घासत नसे. समुद्र खवळलेला होता. झेंडेवाला अधिकारी लाटांचा ठोका धरून इशारा द्यायचा, विमान टोकाशी पोचेल त्या क्षणी नौकेचं नाक वर आलेलं असेल असा. पहिल्या विमानाला, म्हणजे डूलिटल यांना, ४६७ फूट मोकळा डेक मिळाला.

पंधरा विमानं चीनमध्ये किंवा किनाऱ्याजवळ संपली, एक व्लादिवोस्तोकजवळ उतरलं. आठ जण जपान्यांच्या हाती लागले. तिघांना मारलं, एक कैदेत मेला. वैमानिकांना ज्या चिनी गावकऱ्यांनी लपवलं, त्यांच्या मुलखावर जपानी सैन्याने झेजियांग-जियांग्शीच्या मोहिमेत सूड उगवला. मेलेल्या नागरिकांचे अंदाज अडीच लाखांपर्यंत जातात. मूळ आराखड्यात हे पान टोकियोवर संपत होतं. मी ते पश्चिमेला वाढवून झेजियांग-जियांग्शी आत घेतलं. परतीच्या रेघेचं मोल कुणी चुकवलं ते त्याशिवाय दिसत नाही.

२ मार्च

नॉर्वेतलं काफ्योर्ड, ३ एप्रिल १९४४, लक्ष्य 'टिरपिट्झ' ही जर्मन युद्धनौका. स्कॉटलंडच्या लॉक एरिबोलमध्ये हुबेहूब सराव केलेला. ब्रिटिश बॅराकुडा विमानांनी सुमारे पंधरा बॉम्ब अचूक टाकले, १२२ जर्मन खलाशी ठार. जहाज तगलं. उन्हाळ्यातल्या पुढच्या धाडींच्या वेळी जर्मनांनी धुराचा पडदा वेळेत उभा केला आणि काही साधलं नाही. शेवटी नोव्हेंबरमध्ये लँकास्टर या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानांनी बुडवलं, जमिनीवरून येऊन. अर्धं पान पुरे.

८ मार्च

त्रुक, पॅसिफिकमधला जपानी नौदलाचा तळ, १७-१८ फेब्रुवारी १९४४. चार वर्षांत धाडीचं रूप किती पालटलं ते इथे कळतं. अमेरिकी ॲडमिरल मिट्शरांच्या ताफ्यात पाच मोठ्या आणि चार हलक्या विमानवाहू नौका होत्या. बॉम्ब टाकणाऱ्यांच्या आधी, पहाटे, ७२ हेलकॅट लढाऊ विमानं एकटीच गेली आणि आकाश मोकळं केलं. रात्री 'एंटरप्राइझ'वरून रडार लावलेली बारा ॲव्हेंजर विमानं गेली. तीसहून जास्त व्यापारी जहाजं, सुमारे दोन लाख टन. अमेरिकेची २५ विमानं गेली. जपानची मोठी युद्धजहाजं मात्र टेहळणी विमान दिसल्यावर आधीच निसटली होती.

एप्रिलअखेरीस त्रुकवर पुन्हा धाड पडली, आणि ई-११ ची आठवण इथे होते. 'टँग' या पाणबुडीला मुद्दाम वैमानिक उचलण्याच्या कामावर ठेवलं होतं. तिने २२ जण उचलले. 'नॉर्थ कॅरोलिना' या युद्धनौकेचं एक किंगफिशर सी-प्लेन बुडत्यांना गोळा करत गेलं. पंखांवर इतकी माणसं बसली की त्याला उडता येईना. मग ते लाटांवरून तसंच रखडत 'टँग'पर्यंत आलं. माणसं पाणबुडीत घेतली आणि विमान तोफेने बुडवलं. १९१४ मध्ये पाणबुडी तिथे भेटली, १९४४ मध्ये ती योजनेचा भाग होती. परत आणणारं कुणीतरी तिथे आहे हे माहीत असलेला वैमानिक खाली वेगळ्या मनाने जातो. या बदलाला मी रडारइतकंच महत्त्व देतो.

१५ मार्च

पालेंबांग, २४ आणि २९ जानेवारी १९४५. ब्रिटिश पॅसिफिक ताफ्याच्या चार नौका सुमात्राच्या नैऋत्येला, मधली डोंगररांग ओलांडायची, पलीकडे प्लाजू आणि सुंगेई गेरोंग हे तेलशुद्धीकरण कारखाने. पुन्हा तारांचे फुगे. या वेळी टारांटोसारखं वादळ मदतीला नव्हतं, ॲव्हेंजर विमानं तारांमधूनच खाली घुसली.

या पानावर मला फक्त एक तक्ता हवा आहे. एकूण ४१ विमानं गेली. शत्रूशी झुंजताना १६. बाकीची २५ समुद्रात उतरावी लागल्याने किंवा डेकवर आदळून. म्हणजे निम्म्याहून जास्त नुकसान परतीच्या रेघेवर. पकडलेल्या नऊ जणांना पुढे जपान्यांनी ठार मारलं, तेही तक्त्याखाली.

१९ मार्च

सगळी अंतरं एका पट्टीवर मांडून पाहिली. टोंडर्न ८०, टारांटो १७०, पर्ल हार्बर २३०, टोकियो ६५०, त्रुक ९०. विमानं सुधारत गेली तशी अंतरं वाढत जातील अशी सहकाऱ्याची अपेक्षा होती. तसं नाही. दुबळा किंवा एकटा ताफा लांबून मारतो आणि पळतो. त्रुकला नऊ नौकांनी नव्वद मैलांपर्यंत यायला कचरायचं कारणच नव्हतं. अंतरातून विमानाच्या ताकदीपेक्षा ताफ्याचा आत्मविश्वास जास्त कळतो. ही पट्टी शेवटच्या पानांआधी जाईल.

२६ मार्च

'विक्रांत', डिसेंबर १९७१. मात्र इथे पट्टीचा अर्थ थोडा बदलतो. ४ डिसेंबरला कॉक्स बाजारवरचा पहिला हल्ला साधारण ६० मैलांवरून, पट्टीवरच्या पाचही अंतरांहून कमी. पण त्यामागे केवळ आत्मविश्वास नव्हता.

'विक्रांत'च्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेले होते, नौका तीनच बॉयलरवर निघाली. विमानवाहू नौकेत वाफ दोन कामांना लागते: वेगाला आणि विमान फेकणाऱ्या कॅटापल्टला. डेकवरून येणारा वारा जितका जोराचा तितकं विमान सहज उचललं जातं. तो वारा नौकेचा स्वतःचा वेग आणि समोरून येणारा वारा यांची बेरीज असते. वेग कमी म्हणजे वारा कमी, म्हणजे विमानात भरता येणारा भार कमी. अशी नौका युद्धात न्यायची की बंदरात ठेवायची, हा प्रश्न नौदलप्रमुख ॲडमिरल नंदांपुढे होता. पश्चिमेला पाकिस्तानी पाणबुड्यांचा धोका जास्त, म्हणून तिला पूर्वेला, अंदमानकडे ठेवलं. तिच्या मागावर आलेली 'गाझी' पाणबुडी ३-४ डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमबाहेर बुडाली.

मग कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या नौकेवरून सी हॉक आणि अलिझे विमानं रोज निघाली: कॉक्स बाजार, चितगाव, खुलना, मोंगला. सी हॉक दिवसा, अलिझे बऱ्याचदा रात्री. बंदरं बंद पडली आणि पूर्व पाकिस्तानातल्या सैन्याला समुद्राची वाट उरली नाही. धाडींमागून धाडी घालत एकाच पाण्यात दिवसेंदिवस राहिलेली ही नौका आहे. ९ जानेवारीची माझी व्याख्या इथे ताणली जाते हे मान्य, तरी पान राहणार. तडा गेलेल्या बॉयलरनिशी हे करून दाखवणाऱ्या खलाशांचं पान वगळायची माझी तयारी नाही.

२८ मार्च

बंगालच्या उपसागराचा तोच मूळ नकाशा १९४२ आणि १९७१ या दोन्ही पानांना वापरायचं ठरलं, त्याच मापाने. विशाखापट्टणम दोन्हींवर एकाच जागी येईल. चितगावच्या रेघा काढून झाल्या. खुलना आणि मोंगलाच्या बाकी आहेत, कारण तिथे नदीमुखांचा किनारा मोठ्या मापाशिवाय नीट दिसत नाही. त्यासाठी कोपऱ्यात वेगळा छोटा नकाशा काढायला दिला आहे. तो आला की हे पान छपाईला.